किती करंट, कुठून, किती वेळ: विजेच्या उपचारांवर भांडायचंच तर इथून सुरू करा

माणसाच्या शरीराला वीज लावून उपचार करावेत की नाही हा वाद अधूनमधून उकरला जातो आणि दर वेळी त्याच दोन टोकांना जाऊन अडकतो. एका बाजूचे लोक म्हणतात डोक्याला शॉक देणं हा सरळसरळ छळ आहे, आजच्या काळात हे चालूच कसं, ताबडतोब बंद करा. दुसऱ्या बाजूचे म्हणतात शरीर मुळात विजेवरच चालतं, मग बाहेरून थोडा करंट दिला तर फायदाच होणार, आणि मग पोट कमी करणारे पट्टे, एकाग्रता वाढवणारे हेडबँड, कंबरेला चिकटवायचे पॅड यांचं कौतुक सुरू होतं. मला जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट ही की कित्येकदा दोन्ही मतं एकाच माणसाची असतात. ईसीटीचं, म्हणजे डोक्याला शॉक देऊन फिट आणायच्या मनोरुग्णांवरच्या उपचाराचं, नाव काढलं तरी ज्याच्या अंगावर काटा येतो तोच माणूस कपाळाला दोन इलेक्ट्रोड लावून अभ्यासाला बसायला तयार असतो, का तर त्या यंत्राची बॅटरी छोटी आहे आणि ते डॉक्टरशिवाय मिळतं.

माझं म्हणणं सरळ आहे. वीज ही सगळी मिळून एकच गोष्ट धरून ती चांगली की वाईट हे ठरवताच येत नाही. करंट किती, शरीरात कुठून शिरून कुठून बाहेर पडतो, किती वेळ आणि कुठल्या आकाराचा, आणि खोटा उपचार देऊन तुलना केल्यावर खऱ्या उपचाराचा काय फायदा उरतो, एवढं विचारल्याशिवाय या विषयावर मत देण्यात अर्थ नाही. शिवाय ज्याच्या शरीरात तो करंट जाणार त्याने समजून-उमजून होकार दिलाय का, हेही विचारायलाच हवं. हे प्रश्न विचारले की कळतं आपली भीती आणि आपला विश्वास दोन्ही बऱ्यापैकी चुकीच्या जागी बसलेत, म्हणजे ज्याला आपण सगळ्यात जास्त घाबरतो त्याची कसून तपासणी झालेली आहे आणि जे आपण सहज विकत घेतो त्याची फारशी झालेलीच नाही.

"कमी करंट म्हणजे सुरक्षित, जास्त म्हणजे घातक" हे आपल्याला इतकं उघड वाटतं की कुणी तपासतही नाही. जिनिव्हात प्रेव्हो आणि बातेली या दोघांनी 1899 साली कुत्र्यांवर प्रयोग केले तेव्हा त्यांना उलटंच दिसलं. लहान शॉक दिला की हृदयाची लय विस्कटते, ते नुसतं थरथरत राहतं, रक्त पुढे ढकललं जात नाही आणि प्राणी मरतो. पण अशा थरथरणाऱ्या हृदयाला मोठा शॉक दिला तर ते पुन्हा लयीत येऊ शकतं. तेच हृदय, तीच वीज, कमी दिली तर मारते आणि जास्त दिली तर वाचवते! या शोधाकडे जवळपास अर्धं शतक कुणी नीट पाहिलं नाही, शेवटी 1947 मध्ये क्लॉड बेक या सर्जनने ऑपरेशनमध्ये हृदय बंद पडलेल्या 14 वर्षांच्या मुलाच्या उघड्या हृदयावर शॉक दिला आणि तो मुलगा जगला. आज डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला असा शॉक देणारं यंत्र, मिळायला एकेक मिनिट उशीर झाला की माणूस वाचायची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घसरते असं धरतात. वीज म्हणजे छळ असं एका वाक्यात म्हणणाऱ्याने या यंत्राचं काय करायचं ठरवलंय?

आणि कुठून जातो हा प्रश्न तर कितीला मागे टाकतो. घरातल्या 50 हर्ट्झच्या विजेचा साधारण 1 मिलिअँपिअर हाताला जेमतेम जाणवतो, 10 च्या आसपास गेला की बोटं आवळली जातात आणि धरलेली वायर सुटत नाही, 30 ला मेन बोर्डातला आरसीसीबी (करंट गळतोय हे ओळखणारा स्विच) लाइन तोडतो आणि छातीतून 100 च्या आसपास गेला तर हृदय थरथरायला लागू शकतं. पण हृदयापर्यंत गेलेली एखादी कॅथेटरची (शिरेतून आत सरकवलेल्या बारीक नळीची) तार असेल तर 0.1 मिलिअँपिअरसुद्धा धोक्याचा मानतात, म्हणजे त्वचेला कळणारही नाही इतका. याच्या उलट ईसीटीत डोक्याला 800 ते 900 मिलिअँपिअर लावतात आणि हृदय चालू राहतं, कारण त्या करंटचा रस्ताच हृदयावरून जात नाही. नुसता आकडा ऐकून घाबरणारा आणि नुसता आकडा ऐकून निर्धास्त होणारा, दोघंही अर्धीच माहिती घेऊन बोलतायत.

वेळेचंही तसंच. फ्रान्समध्ये दार्सोनव्हालने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दाखवलं की करंटची दिशा सेकंदाला हजारो वेळा बदलायला लागली की स्नायू आखडतच नाहीत, कारण मज्जापेशीला उत्तेजित व्हायला जो वेळ लागतो तेवढाही एका दिशेने मिळत नाही. याच जोरावर 1926 मध्ये विल्यम बोवी यांचं यंत्र घेऊन हार्वे कुशिंग यांनी मेंदूची ऑपरेशनं केली, आणि आज ऑपरेशन थिएटरमध्ये शेकडो किलोहर्ट्झचा करंट पेशंटच्या शरीरातून जातो, टोकाशी मांस कापतो, रक्तस्राव थांबवतो, आणि हृदयाला त्याचा पत्ता नसतो. हाच करंट 50 हर्ट्झचा असता तर पेशंट टेबलावरच गेला असता.

निसर्गाने तर हा हिशोब आपल्या कितीतरी आधी मांडलाय. माशी पकडणारी व्हीनस फ्लायट्रॅप घ्या, 1873 मध्ये बर्डन-सँडरसन या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने तिच्या पानात विजेचा संदेश मोजला. एका केसाला एकदा स्पर्श झाला तर पान मिटत नाही, साधारण 20-30 सेकंदांत दुसरा स्पर्श झाला तरच मिटतं, म्हणजे झाड संदेश मोजतं आणि दोन संदेशांमधलं अंतरही बघतं. पुढे जगदीशचंद्र बोस यांनी 1901 मध्ये रॉयल सोसायटीसमोर मांडलं की असा विजेचा प्रतिसाद फक्त लाजाळूसारख्या हलणाऱ्या झाडांतच नाही, साध्या झाडांतही असतो, आणि त्याला सगळ्यात जोरात विरोध केला तो याच बर्डन-सँडरसन यांनी. बोस यांचं त्या वेळी ऐकून घेतलं गेलं नाही, पण ते त्यावर रागावून बसले नाहीत, मोजायची आणखी नाजूक यंत्रं बनवत राहिले. जखमेचं उदाहरण मला याहून महत्त्वाचं वाटतं. कातडी फाटली की तिथे बारीकसा करंट वाहायला लागतो, दु ब्वा-रेमोंने 1840 च्या दशकात तो स्वतःच्या कापलेल्या बोटात मोजला होता, आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की पेशी या विजेची दिशा बघून जखम भरायला सरकतात. तेवढ्याच ताकदीचं विद्युत क्षेत्र बाहेरून उलट्या दिशेने लावलं तर पेशी उलट्या सरकतात आणि जखम मिटायच्या ऐवजी उघडते. ताकद तीच, फक्त दिशा फिरली. मग "वीज जखमेला चांगली" हे वाक्य खरं की खोटं?

आता विरोधकांच्या सगळ्यात भक्कम मुद्द्याकडे येतो, तो म्हणजे इतिहास. तो खरोखरच काळा आहे आणि त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. पहिल्या महायुद्धात मनाने कोसळलेल्या सैनिकांना पुन्हा आघाडीवर पाठवण्यासाठी 1916 मध्ये फ्रिट्झ काउफमान या जर्मन डॉक्टरने विजेच्या जोरदार झटक्यांची पद्धत काढली, उपचाराच्या नावाखाली इतकी वेदना द्यायची की त्यापेक्षा आघाडी बरी वाटावी. व्हिएन्नात असल्याच आरोपांवरून 1920 मध्ये वाग्नर-याउरेग या मनोविकारतज्ज्ञाची चौकशी झाली, फ्रॉइडने तिथे आपलं मत मांडलं, आणि वाग्नर-याउरेग निर्दोष सुटले. पुढे काही दशकं समलिंगी माणसांना "सुधारण्यासाठी" शॉक दिले गेले. अमेरिकेत स्वमग्न आणि मतिमंद म्हटल्या गेलेल्या लोकांचं वागणं बदलायला त्वचेला शॉक देणाऱ्या यंत्रावर 2020 मध्ये तिथल्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय यंत्रांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) बंदी आणली आणि 2021 मध्ये कोर्टाने ती बंदी रद्द केली, म्हणजे हा सगळा प्रकार इतिहासजमा झालाय असंही म्हणता येत नाही. ईसीटीसुद्धा 1938 मध्ये रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी सुरू केली तेव्हा भूल नव्हती, स्नायू सैल करणारं औषध नव्हतं, फिट आली की शरीर इतकं आखडायचं की हाडं मोडायची, आणि संस्थांमध्ये शिक्षा म्हणून, धाक म्हणून तिचा वापर झाला.

या मुद्द्याला "साधन निर्दोष असतं, माणूस वाईट असतो" असं उत्तर देतात, ते मला पटत नाही, फार स्वस्त आहे ते. विजेत छळासाठी सोयीचं असं खरंच काहीतरी आहे, वेदना हवी तेवढी कमीजास्त करता येते, खूण राहत नाही, आणि यंत्रामागे उभा असलेला माणूस हात न लावता दुसऱ्याला त्रास देऊ शकतो. त्यामुळे वीज वापरणाऱ्या उपचाराला संमतीचे नियम गोळीपेक्षा कडक हवेत हे मी मान्यच करतो, नुसतं मान्य नाही, ते माझं स्वतःचं मागणं आहे. पण वर सांगितलेल्या सगळ्या प्रकरणांत समान काय होतं ते बघा. वेदना हाच उपचार होता, ती काढून टाकली तर मागे काही उरतच नव्हतं, आणि पेशंटला नाही म्हणायचा हक्क नव्हता. आजच्या ईसीटीत माणूस भूल दिलेला असतो, स्नायू सैल केलेले असतात, त्याला शॉक जाणवतच नाही आणि तरी परिणाम होतो. तेव्हा काउफमानचं उदाहरण देऊन ईसीटी बंद करा म्हणणं म्हणजे दोन वेगळ्या गोष्टींना एकाच वायरमुळे एक समजणं आहे. त्या उदाहरणावरून खरं मागायला हवं ते हे की भूल न देता, जबरदस्तीने, शिक्षा म्हणून कुणालाही कधीही शॉक दिला जाऊ नये, आणि ते मागणं पूर्ण ताकदीने मागा, मी सोबत आहे.

दुसरा मुद्दा असतो की ईसीटी नेमकी कशी काम करते ते डॉक्टरांनाही माहीत नाही. बरोबर आहे, पूर्ण माहीत नाही. पण भूल कशी काम करते हेही तिचा वापर सुरू होऊन दीडशेहून जास्त वर्षं झाली तरी पूर्ण कळलेलं नाही, म्हणून कुणी शुद्धीत राहून अपेंडिक्स काढून घेत नाही. कसं काम करतं हे न कळता काम करतं की नाही हे तपासता येतं, आणि ईसीटीच्या बाबतीत ते तपासलं गेलंय. ब्रिटनमध्ये 1970-80 च्या दशकांत पेशंटना पूर्ण भूल द्यायची पण काहींना शॉक द्यायचाच नाही अशा ट्रायल झाल्या. 2003 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात अशा 6 ट्रायल आणि 256 पेशंट एकत्र करून पाहिले तेव्हा खरा शॉक मिळालेल्यांचं डिप्रेशन स्पष्टपणे जास्त कमी झालेलं दिसलं. टीकाकार म्हणतात या ट्रायल जुन्या आणि लहान आहेत, आणि 1980 च्या नॉर्थविक पार्क ट्रायलमध्ये तर महिन्याभरानंतर फरक राहिलाच नव्हता. हे खरं आहे, आणि त्यातून फायदा किती टिकतो ही शंका घेणं पूर्ण योग्य आहे. टिकण्याचं उत्तर 2001 च्या एका अमेरिकन ट्रायलमध्ये मिळतं आणि ते सुखाचं नाही. ईसीटीने बरं झाल्यावर पुढे नुसती खोटी गोळी दिलेल्यांपैकी 84 टक्के लोक सहा महिन्यांत पुन्हा आजारी पडले, एक औषध दिलेल्यांपैकी 60 टक्के आणि लिथियमसकट दोन औषधं दिलेल्यांपैकी 39 टक्के. याचा अर्थ ईसीटी निरुपयोगी असा होतो का? जो माणूस खातपीत नाही, बोलत नाही, मरायचंच म्हणतोय, त्याला आधी त्या खड्ड्यातून वर काढणं आणि मग वर धरून ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत, पहिलं काम ही वीज करते, दुसरं तिच्याकडून होत नाही, आणि जो डॉक्टर पेशंटच्या घरच्यांना हे दुसरं वाक्य सांगत नाही तो अर्धवट सांगतो.

राहिली स्मरणशक्ती. हा माझ्या मते सगळ्यात गंभीर आक्षेप आहे आणि वैद्यकीय लोकांनी तो फार वर्षं हलक्यात काढला. 2003 मध्येच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पेशंटच्या स्वतःच्या अनुभवांचा जो आढावा आला त्यात वेगवेगळ्या अभ्यासांत 29 ते 55 टक्के लोकांनी सांगितलं की आठवणी गेल्या त्या परत आल्या नाहीत. स्वतःच्या लेकराचा वाढदिवस आठवत नाही म्हणणाऱ्या आईला "तो डिप्रेशनचा परिणाम असेल" असं सांगून वाटेला लावणं हा अन्याय आहे. पण इथेच किती, कुठून, किती वेळ हे प्रश्न कामाला येतात. जुनी यंत्रं भिंतीतल्या विजेसारखी लाट वापरायची, 50 हर्ट्झवर अशा लाटेचा अर्धा भाग 10 मिलिसेकंदांचा असतो, आणि मज्जापेशी पेटायला, म्हणजे तिने संदेश सोडायला, त्याचा छोटासा अंशच पुरतो, म्हणजे बाकीची वीज फिट आणायला नाही तर नुसती मेंदूतून ओतली जात होती. आता मिलिसेकंद किंवा त्याहूनही छोटे पल्स वापरतात, आणि दोन्ही कानशिलांऐवजी फक्त उजव्या बाजूला इलेक्ट्रोड लावता येतात कारण बहुतेकांची भाषा डाव्या बाजूला असते. 2007 मध्ये 7 हॉस्पिटलांतल्या 347 पेशंटवर झालेल्या अभ्यासात जुनी लाट आणि दोन्ही बाजूंचे इलेक्ट्रोड यांनी आठवणींचं आणि विचारशक्तीचं जास्त नुकसान केलेलं दिसलं. मग "ईसीटी हवी की नको" असं ओरडण्यापेक्षा "तुमच्या हॉस्पिटलात पल्स किती मिलिसेकंदांचा आहे, इलेक्ट्रोड कुठे लावता, उपचाराच्या आधी आणि नंतर स्मरणशक्तीची चाचणी घेता का" हे विचारलं तर पेशंटचं जास्त भलं होणार नाही का? बंदीच्या मागणीने वाईट यंत्रं आणि चांगली यंत्रं एकाच पोत्यात जातात आणि वाईट यंत्र चालवणाऱ्याची सुटका होते, कारण त्याला कुणी तपशील विचारतच नाही.

आता दुसऱ्या टोकाकडे. शरीर विजेवर चालतं हे वाक्य शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे, किती बरोबर ते ऐकून थक्क व्हायला होतं. पेशीच्या आतबाहेर साधारण 70 मिलिव्होल्टचा फरक असतो, दिसायला क्षुल्लक, पण तो काही नॅनोमीटर जाडीच्या पडद्यावर आहे, म्हणजे मीटरचा हिशोब केला तर सुमारे एक कोटी व्होल्ट. हॉजकिन आणि हक्सली यांनी 1952 मध्ये स्क्विडच्या जाड मज्जातंतूवर काम करून दाखवलं की या पडद्यातून सोडियम आणि पोटॅशियम ठरावीक क्रमाने आतबाहेर होतात आणि त्यातून संदेश बनतो. पण यावरून बाहेरचा कुठलाही करंट उपयोगी ठरतो का? शरीरात रक्त आहे म्हणून कुणाचंही रक्त कुणालाही चढवलं तर चालतं का? शरीराची वीज कुठल्या पेशीत, कुठल्या क्षणी, कुठल्या दिशेने यावर चालते आणि कपाळावर चिकटवलेल्या स्पंजला यातलं काहीच कळत नाही. हेडबँडमध्ये 1 ते 2 मिलिअँपिअर करंट असतो, त्यातला बराच डोक्याच्या कातडीतूनच परस्पर निघून जातो, आणि मेंदूत जे क्षेत्र पोचतं ते मीटरला 1 व्होल्टच्या आतच राहतं. मज्जापेशी पेटायला साधारण 15 मिलिव्होल्टची उडी लागते, आणि या क्षेत्राने पेशीत फरक पडतो तो मिलिव्होल्टच्या अंशाइतका. इतका बारीक धक्का कधीच काही करू शकत नाही असं मी म्हणत नाही, जी पेशी पेटायच्या काठावर आहे तिला तो पुरतही असेल, पण मग तो सिद्ध करायची जबाबदारी विकणाऱ्याची आहे.

आणि सिद्ध करणं म्हणजे काय हे दोनशे वर्षांपूर्वीच ठरलंय. एलिशा पर्किन्स या अमेरिकन डॉक्टरने 1796 मध्ये धातूच्या दोन टोकदार सळ्यांचं पेटंट घेतलं, दुखऱ्या भागावर फिरवल्या की शरीरातली बिघडलेली वीज ओढून घेतात असा दावा, आणि त्या धडाधड खपल्या, बरं वाटलेल्या लोकांची साक्षही भरपूर होती. 1799 मध्ये इंग्लंडमधल्या बाथ इथे जॉन हेगार्थ यांनी लाकडाच्या सळ्या धातूसारख्या रंगवल्या आणि संधिवाताच्या 5 पेशंटवर फिरवल्या. चौघांना बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी खऱ्या धातूच्या सळ्यांनी जेवढं वाटलं जवळपास तेवढंच! त्याच्याही आधी, 1757 च्या एका पत्रात बेंजामिन फ्रँकलिन यांनी लिहून ठेवलं होतं की लकवा झालेल्या लोकांना आपण विजेचे झटके दिले, सुरुवातीला फरक पडल्यासारखा वाटला, पण तो टिकला नाही, आणि तेवढाही फरक रोज चालत आपल्याकडे येण्याच्या व्यायामाने किंवा बरं होण्याच्या आशेने पडला असू शकेल. विजेवर स्वतःचं नाव मिळवलेला माणूस विजेच्या उपचाराबद्दल हे लिहितो. आज एखादं यंत्र विकणारा "हजारो लोकांना फायदा झाला" म्हणतो तेव्हा त्याला एवढंच विचारायचं, लाकडाच्या सळीने किती जणांना झाला असता?

हेडबँडवाले म्हणतील अशा ट्रायल झाल्यात. झाल्यात, आणि त्या काय सांगतात ते पूर्ण सांगावं. डिप्रेशनसाठी 2017 च्या ट्रायलमध्ये हा करंट नेहमीच्या गोळीच्या तोडीचा आहे हे दाखवता आलं नाही, 2023 च्या ट्रायलमध्ये औषधासोबत दिल्यावर खोट्या यंत्रापेक्षा जास्त फायदा दिसला नाही, आणि 2024 मध्ये घरी वापरायच्या यंत्राच्या 10 आठवड्यांच्या ट्रायलमध्ये मात्र दिसला. म्हणजे आजारासाठी, देखरेखीखाली, अजून तपासण्यासारखं नक्की आहे. पण धडधाकट माणसाचा मेंदू "तेज" करायचा दावा यातून निघत नाही. पोटाच्या पट्ट्यांचं तर सोडाच, न हलता पोट आत जाईल अशी जाहिरात करणाऱ्या तीन कंपन्यांवर 2002 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाला कारवाई करावी लागली होती, आणि आता अंगभर इलेक्ट्रोडचा सूट घालून व्यायाम करायची टूम आलीय त्यात पहिल्याच वेळी जोर जास्त लावल्याने स्नायू फुटून किडनीवर ताण आल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवल्यात.

"माझं डोकं, माझा करंट, तुम्ही कोण सांगणारे" हा युक्तिवाद मला मनापासून समजतो. स्वतःच्या शरीरावर प्रयोग करायचा हक्क मी नाकारत नाही. पण हक्क वापरायला आधी माहिती लागते. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नवीन आकडेचिन्हं शिकवताना डोक्याच्या एका भागाला करंट दिला तर लोक लवकर शिकले पण शिकलेलं आपोआप वापरण्यात मागे पडले, दुसऱ्या भागाला दिला तर नेमकं उलट झालं. म्हणजे एका बाजूला मिळालं ते दुसऱ्या बाजूला गेलं. ही गोष्ट खोक्यावर कुठे लिहिलेली असते? 2016 मध्ये या क्षेत्रातल्या संशोधकांनीच घरगुती प्रयोग करणाऱ्यांना खुलं पत्र लिहून हेच कळवलं की इलेक्ट्रोडच्या खालचाच नाही तर बाकीचाही मेंदू बदलतो आणि तो बदल किती टिकेल ते सांगता येत नाही. जी माहिती पेशंटला द्यायची सक्ती डॉक्टरवर आहे तीच ग्राहकाला द्यायची सक्ती विकणाऱ्यावर का नको?

आणि तपासणीला सामोरं गेल्याने विजेचं नुकसान होत नाही हेही दिसलंय. मेंदूच्या आत खोलवर तार बसवून पार्किन्सनची थरथर थांबवणारा उपचार 1987 मध्ये ग्रनोबलला बेनाबीद यांच्यापासून सुरू झाला आणि तो तपासणीत टिकला. त्याच धर्तीवर डिप्रेशनसाठी 90 पेशंटच्या मेंदूत तारा बसवून काहींचं यंत्र चालू आणि काहींचं बंद ठेवलं, तर सहा महिन्यांत दोन गटांत ठोस फरक दिसेना म्हणून ट्रायल मधेच थांबवली, 2017 मध्ये ते सगळं छापून आलं. पुढे यंत्र सगळ्यांचंच चालू केल्यावर बऱ्याच जणांना दोनेक वर्षांत सुधारणा दिसली, म्हणून संशोधक आता तार नेमकी कुठे असावी आणि किती काळ वाट बघावी यावर काम करतायत. अपयश छापणं आणि त्यातून जागा, वेळ, मात्रा सुधारणं, हे पट्टे विकणाऱ्यांनी कधी केलंय?

खरं तर ज्या गोष्टींवर कडाक्याचा वाद व्हायला हवा त्या या आरड्याओरड्यात मागे पडतात. पहिला शरीरात बसवलेला पेसमेकर 1958 मध्ये स्टॉकहोमला आर्ने लार्सन यांना बसवला, तो काही तासांत बंद पडला, पण लार्सन पुढे 2001 पर्यंत, वयाच्या 86 पर्यंत जगले आणि त्यांना एकूण 26 पेसमेकर लागले. म्हणजे शरीरातलं यंत्र एकदा बसवून होत नाही, त्याच्यामागे चार दशकं कुणीतरी उभं राहावं लागतं. याच्या समोर डोळ्याच्या पडद्यावर इलेक्ट्रोड बसवून थोडी दृष्टी देणाऱ्या यंत्राची गोष्ट ठेवा. जगभरात साडेतीनशेहून जास्त अंध लोकांनी ते बसवून घेतलं, 2019 मध्ये कंपनीने ते बनवणं बंद केलं, 2020 मध्ये बहुतेक कर्मचारी काढले, आणि डोळ्यात यंत्र असलेल्या लोकांना बिघाड झाला तर विचारायला कुणी उरलं नाही. काढायचं तर पुन्हा ऑपरेशन, ठेवायचं तर ते कधी बंद पडेल सांगता येत नाही, आणि ते असताना डोक्याचा एमआरआय करायचा का यावरही डॉक्टर अडतात. कानात बसवून ऐकू आणणारे कॉक्लियर इम्प्लांट जगात दहा लाखांच्या वर बसलेत, त्यात लाखो मुलं आहेत जी आणखी साठ-सत्तर वर्षं जगतील. कंपनी बुडाली तर सुटे भाग कोण देणार, यंत्राचं सॉफ्टवेअर आणि आराखडा कुणाच्या ताब्यात राहणार, बदलायचा खर्च कुणाचा, हे यंत्र बसवायच्या आधी कागदावर असायला हवं, आणि ज्या कंपनीला ते लिहून द्यायचं नसेल तिला माणसाच्या शरीरात तार घालायची परवानगी मिळता कामा नये.